एका उद्गारचिन्हाच्या गावाला

"कुठं जायचंय म्हणालीस?"

"वेस्टवर्ड हो."

"हो काय! गावाचं नाव सांग की."

आई-बाबा मे महिन्यात सांगलीहून आमच्याकडे रेडिंगला आले, तेव्हा जेवताना झालेला हा संवाद. बाबांनी 36 वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. त्यातही व्याकरण. आमच्या भागात अजून एखादा पन्नाशीचा दुकानदार त्यांना बघून उभा राहतो आणि हिशेबाच्या वहीत स्वल्पविराम नीट देतो. तर मी त्यांना कागदावर ते नाव लिहून दाखवलं. शेवटचं उद्गारचिन्ह बघून त्यांनी चष्मा पुसला.

"हे चिन्ह तू दिलंस की त्यांचंच आहे?"

"त्यांचंच. अधिकृत. ब्रिटिश बेटांवर नावात उद्गारचिन्ह असलेलं हे एकच गाव आहे."

"मग जायलाच पाहिजे."

झालं. लेक डिस्ट्रिक्टचा बेत तिथल्या तिथे बारगळला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातले चार दिवस इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर जायचं ठरलं. जागा सहज मिळाली. फक्त एका संकेतस्थळावर मुक्कामाचा पत्ता भरताना लाल अक्षरांत सूचना आली, की पत्त्यात विशेष चिन्हे चालणार नाहीत. नवऱ्याने मुकाट्याने चिन्ह खोडलं. बाबा मागून म्हणाले, "म्हणजे आता आपण दुसऱ्याच गावाला चाललोय."

पहिला दिवस, शुक्रवार

रेडिंगहून गाडीने साधारण चार तास. आम्हाला पाच लागले, कारण आईचे धपाटे गाडीत खाल्लेले नवऱ्याला चालत नाहीत (शेंगदाण्याची चटणी सीटच्या फटीत जाते, असं त्याचं म्हणणं आणि ते खरं आहे). टिव्हर्टनजवळ मोटरवे सोडला की रस्ता हळूहळू अरुंद होतो, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, त्यावर मेंढ्या. बार्नस्टेपल, मग बिडफर्ड, मग नॉर्थम, आणि उतारावर अचानक समोर समुद्र. नेव्हिगेशनवाली बाई "वेस्टवर्ड हो" हे इतक्या निर्जीव सुरात म्हणाली, की बाबांनी तिला पहिल्याच वाक्याला नापास केलं. "उद्गार कुठाय तिच्या आवाजात?"

गावाच्या पाटीपाशी गाडी थांबवावी लागली. पाटी साधीच, पांढऱ्यावर काळी अक्षरं. शेवटी ठसठशीत उद्गारचिन्ह. बाबा खाली उतरले, पाटीजवळ गेले आणि चिन्हाखालच्या टिंबावर बोट ठेवून फोटो काढून घेतला. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला, हात हलवला आणि गेला. त्याला हे रोजचंच असावं.

आमचा मुक्काम एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये होता. मालकीणबाई सत्तरीच्या, गालांवर लाली, हातात पिठाचा वास. दार उघडून बाबांना म्हणाल्या, "ऑलराइट, माय लव्हर?"

आई जागच्या जागी थांबली.

डेव्हन आणि आजूबाजूच्या भागात दुकानदार, बसड्रायव्हर, शेजारी, कुणीही कुणालाही असं म्हणतं. आपल्याकडच्या 'बाळा' किंवा 'दादा'सारखं. हे मी आईला जिन्यात समजावलं. तरी खोलीत गेल्यावर तिने विचारलंच, "अहो, काय म्हणाली हो ती तुम्हाला?"

"संबोधन आहे गं. ते शब्दशः घ्यायचं नसतं."

"पोरांना तर शब्दशः अर्थ लिहीत नाहीत म्हणून छड्या मारायचात."

रात्री दुसरीच अडचण उभी राहिली. बाबांना त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर खबर द्यायची होती. त्यांनी लिहिलं, 'आम्ही वेस्टवर्ड हो! ला पोचलो'. मग थांबले. प्रत्यय शब्दाला जोडून यायला हवा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. पण मध्ये उद्गारचिन्ह आलं, आणि चिन्ह आलं की वाक्य संपलं. 'वेस्टवर्ड हो!ला' लिहावं, तर 'ला' बिचारा वाक्याच्या बाहेर पडतो. 'वेस्टवर्ड होला!' लिहावं, तर चिन्ह गावाचं न राहता बाबांचं होतं. 'वेस्टवर्ड हो!त', 'वेस्टवर्ड हो!हून', 'वेस्टवर्ड हो!चा समुद्र'. साडेदहापर्यंत हे चाललं होतं. इथे जूनमध्ये साडेदहालाही पुरता अंधार पडलेला नसतो, त्यामुळे त्यांना कुणी झोपा म्हणेना.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी ऊन. नाश्त्याला मालकीणबाईंनी आईसाठी खास अंड्याशिवायचं ताट केलं होतं: मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि भाजलेला ब्रेड. आईने त्यावर चिमूटभर चटणी टाकली. बाईंनी कुतूहलाने चाखली, डोळे मोठे केले, खोकल्या आणि म्हणाल्या, "हो!" बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

आता या नावाची कथा, कारण दिवसभर आम्ही तिच्याच मागे होतो.

चार्ल्स किंग्जली नावाचा पाद्री-लेखक होता. त्याने 1855 मध्ये 'वेस्टवर्ड हो!' ही कादंबरी लिहिली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला बिडफर्डचा एक तरुण, समुद्र, स्पॅनिश जहाजं, सोन्याचा हव्यास, असा सगळा मसाला. कादंबरी धो धो खपली. तेव्हा या किनाऱ्यावर गाव नव्हतं. वाळू, गोटे, गवत आणि एखाद-दुसरं शेतघर. काही धोरणी मंडळींनी हिशेब मांडला, की कादंबरी वाचून लोक हा किनारा बघायला येणार, तर त्यांना उतरायला जागा हवी. 1863 मध्ये कंपनी निघाली, हॉटेल बांधलं, बंगल्यांचे प्लॉट पाडले आणि वसाहतीला नाव दिलं थेट कादंबरीचं. चिन्हासकट. सोप्या मराठीत सांगायचं तर बिल्डरने स्कीमला नाव ठेवलं आणि तेच गावाला चिकटलं. पुण्याच्या बाहेर बिनपाण्याच्या माळावर उभ्या राहणाऱ्या 'लेक व्ह्यू' टॉवरांना हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ही परंपरा जुनी आणि विलायती आहे.

खुद्द किंग्जलीला हे फारसं रुचलं नव्हतं. या सुंदर जागेची हॉटेलं आणि बंगले बांधून नासाडी चालली आहे, पाखरं पळून जातील आणि गोट्यांच्या बांधावर कोंबडीची हाडं नि सँडविचचे तुकडे पडतील, अशा अर्थाचं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. हे मी वाचून दाखवल्यापासून आई चारही दिवस धपाट्याचे कण रुमालात गोळा करत होती.

पण 'हो!' म्हणजे काय? इथे बाबांचा वर्ग सुरू झाला. मराठीत 'हो' हे संमतिदर्शक. इंग्रजीतलं हे 'हो' मात्र हाळी घालण्याचं, आपल्या 'अहो', 'अगं'च्या जातीचं. लंडनमध्ये थेम्स नदीवर नावाडी उतारू भरायचे. पश्चिमेकडे जाणारा ओरडायचा "वेस्टवर्ड हो!" आणि पूर्वेकडे जाणारा "ईस्टवर्ड हो!". शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये वायोलाच्या तोंडी हाच पुकारा आहे, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या नावाचं एक नाटकही येऊन गेलं होतं. म्हणजे नावाड्यांची आरोळी नाटकात गेली, नाटकातून कादंबरीवर आली, कादंबरीवरून हॉटेल कंपनीकडे आणि तिथून नकाशावर.

"अरे, म्हणजे वडाप!" बाबा एकदम म्हणाले.

अगदी तेच. सांगली स्टँडाबाहेर जीपच्या दाराला लोंबकळून "मिरज मिरज मिरज मिरज!" ओरडणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आरोळीवर कुणी कादंबरी लिहावी, त्या कादंबरीवरून बिल्डरने कोकणात एक गाव वसवावं आणि त्या गावाच्या पाटीवर सरकारी रंगात लिहिलेलं असावं, 'मिरज मिरज!'. असं हे गाव.

"आमच्या माहेरी असतं तर 'वेस्टवर्ड व्हय!' झालं असतं," आई म्हणाली. तिचं माहेर कोल्हापूरकडचं.

नवऱ्याने तेवढ्यात मोबाईलवर शोधून काढलं, की कॅनडात क्यूबेक प्रांतात 'सेंट-लुई-द्यू-हा! हा!' नावाचं गाव आहे. त्यात दोन उद्गारचिन्हं. बाबांचा चेहरा जरा उतरला. "दोन कशाला? एकात भागतं की," एवढंच म्हणाले. पुढे दिवसभर त्यांनी गावातल्या पाट्या मोजल्या: चिन्ह असलेल्या डाव्या हाताच्या बोटांवर, चिन्ह गाळलेल्या उजव्या हातावर. एका चहाच्या दुकानाने गाळलं होतं, तर बाबांनी तिथे चहा घ्यायला नकार दिला. पलीकडच्या दुकानात चिन्ह होतं, चहा मात्र पाणचट होता.

दुपारी समुद्राकडेच्या फरसबंद वाटेवर गेलो. तिथे रुडयार्ड किपलिंगची 'इफ' ही कविता पायाखालच्या दगडांत मांडली आहे, चालत चालत वाचायची. किपलिंगचा इथे काय संबंध? तो इथल्या शाळेत होता. युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज ही लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांची शाळा 1874 मध्ये इथे निघाली, समुद्रासमोरच्या बारा घरांच्या एका रांगेत. किपलिंग 1878 ते 1882 इथे शिकला. शाळा पुढे इथून हलली, पण ती घरांची रांग अजून आहे आणि तिला त्याचंच नाव दिलंय. मागच्या टेकडीलाही.

आणि हा पोरगा जन्मला कुठे, तर मुंबईत. 30 डिसेंबर 1865, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं कोरीवकाम त्यांचंच. मला यातली पुढची गोष्ट फार आवडते. किपलिंगच्या आईबापांची गाठ स्टॅफर्डशरमधल्या रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी पडली, म्हणून मुलाचं नाव रुडयार्ड. म्हणजे जागेवरून नाव पडलेला मुलगा, पुस्तकावरून नाव पडलेल्या गावात शिकायला आला. आपल्याकडे गावावरून माणसाला आडनाव मिळतं, सांगलीकर, मिरजकर. इथल्या माणसाला काय म्हणायचं?

"वेस्टवर्डहोकर," नवरा म्हणाला.

"चिन्ह कुठं गेलं?" बाबा.

कवितेचं आणखी एक. तिच्या नावापुढे छापताना आडवी रेघ असते आणि तिची शेवटची ओळ उद्गारचिन्हाने संपते. बाबांना ती पाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मान खाली घालून एकेक दगड वाचत, मध्येच डोळे मिटून पुढची ओळ म्हणत ते चालले होते आणि मागून आई, "अहो, पुढं बघा, सायकल येतीय". शेवटच्या उद्गारापर्यंत पोचायच्या आत पाऊस आला. इथला पाऊस कोसळत नाही, आडवा येतो आणि छत्रीला हसतो.

जाणार असाल तर: छत्री घरी ठेवा, टोपीवालं जाकीट घ्या. जूनमध्येसुद्धा. वाऱ्याने आईची साडी सांभाळता सांभाळता दोघींची पुरेवाट झाली, दुसऱ्या दिवसापासून तिने निमूटपणे माझी ट्रॅकपँट घातली आणि फोटो काढायला मनाई केली. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असल्यामुळे इथे भरतीचं पाणी खूप वर चढतं. ओहोटीला क्षितिजापर्यंत वाळू आणि काही तासांनी तीच जागा गायब. दक्षिणेच्या टोकाला खडकांत बांधलेलं समुद्राच्या पाण्याचं एक तळं आहे, लहान मुलांना तिथे डुंबायला बरं.

संध्याकाळी आभाळ उघडलं आणि दूर पाण्यात लंडी बेट दिसलं. निळसर, चपटं, दारात ठेवलेल्या पाटासारखं. मालकीणबाईंनी इथला ठोकताळा सांगितला: लंडी उंच दिसलं तर कोरडं, स्वच्छ दिसलं तर पाऊस, बुटकं दिसलं तर बर्फ. आज कसं दिसतंय, विचारलं. त्या म्हणाल्या, "दिसतंय, माय लव्हर. हेच पुष्कळ."

तिसरा दिवस, रविवार

क्लोव्हेली. बिडफर्डच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर, कड्यावरून बंदरात कोसळलेलं खेडं. गोट्यांनी बांधलेला एकच उभा रस्ता, गाड्यांना मज्जाव, घरातलं सामान लाकडी घसरगाड्यांवरून ओढून नेतात. आमच्यासमोर एकाने गॅसची टाकी आणि आठवड्याचा किराणा असा दगडावरून खडखडत खाली नेला. किंग्जलीचे वडील इथे पाद्री होते आणि त्याचं पोरवय इथलंच, म्हणून कादंबरीत समुद्र इतका आहे.

गावात शिरायला तिकीट लागतं, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "गावाला जायला तिकीट? एसटीचं असतं, गावाचं कुठं असतं?" उतरताना गुडघे आणि चढताना छाती, दोन्हींची परीक्षा. मोसमात बंदराजवळून मागच्या रस्त्याने वर आणणारी जीप मिळते, थोडे पैसे पडतात, वडीलधारे बरोबर असतील तर खुशाल घ्या.

वर येऊन क्रीम टी घेतला. म्हणजे स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम, जी आपली घट्ट सायच. डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं, आणि यावरून दोन्हीकडचे लोक खरंच हमरीतुमरीवर येतात. आईने दोन्ही प्रकारे एकेक खाल्ला आणि निकाल दिला, की साखर घालून पोळीशी खाल्ली असती तर जास्त लागली असती.

चौथा दिवस, सोमवार

निघायचा दिवस, आणि सगळ्यात भारी.

गावाच्या उत्तरेला नॉर्थम बरोज नावाचं सपाट गायरान आहे. (उन्हाळ्यात आत गाडी न्यायला पैसे पडतात. चालत गेलात तर फुकट.) त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये गोट्यांचा एक नैसर्गिक बांध, सुमारे तीन किलोमीटर लांब. पश्चिमेकडचे कडे ढासळतात, लाटा ते दगड घासत घासत इथवर आणतात आणि रचून ठेवतात. करडे, गुळगुळीत, काही नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे. लाट मागे जाताना त्यांच्यातून जो खळखळाट होतो, तो मोठ्या कढईत शेंगदाणे परतल्यासारखा.

या गायरानातच रॉयल नॉर्थ डेव्हन हा गोल्फ क्लब आहे. 1864 चा. इंग्लंडमध्ये मूळच्याच जमिनीवर अजून खेळलं जाणारं हे सर्वांत जुनं मैदान. पण जमीन गायरानाची, त्यामुळे खेळाडूंच्या मधून मेंढ्या आणि घोडी चरत असतात. आमच्यासमोर एक गृहस्थ पोटतिडकीने नेम धरून उभे आणि त्यांच्या चेंडूपासून हातभर अंतरावर एक मेंढी, शेपटी वर करून, निवांत. गृहस्थ थांबले. मेंढीने आपला कार्यक्रम पूर्ण केला. मग त्यांनी टोला मारला आणि तो चुकला. जे. एच. टेलर हा पाच वेळा ओपन स्पर्धा जिंकलेला खेळाडू नॉर्थमचाच, याच मैदानावर पोरवयात दुसऱ्यांच्या काठ्या वाहायचा. मेंढ्यांना वळसा घालून खेळायची सवय त्याला तिथेच लागली असणार, हे आपलं माझं मत.

या मेंढ्या कुणाच्या? तर पॉटवॉलपर लोकांच्या. होय, हा खरा शब्द आहे. नॉर्थमच्या रहिवाशांना गायरानात जनावरं चारायचा जुना हक्क आहे आणि त्या हक्कदारांना पॉटवॉलपर म्हणतात. पॉट म्हणजे भांडं आणि वॉलप म्हणजे रटारटा उकळणं. पूर्वी इंग्लंडातल्या काही गावांत ज्याच्याकडे स्वतःचं भांडं उकळायला स्वतःची चूल, त्याला मताचा अधिकार असे. मी हे जरा अडखळत सांगत होते, तर आईने एका वाक्यात संपवलं. "चूल वेगळी असलेला. त्यात काय एवढं? आपल्याकडंही भावाभावांत चूल वेगळी झाली की रेशनकार्ड वेगळं होतं."

आणि हे पॉटवॉलपर पूर्वी वर्षातून एकदा जमून, वादळांनी खाली लोटलेले गोटे पुन्हा बांधावर फेकत. गावाचा बांध गावानेच राखायचा.

आता माझ्या मातोश्रींचा पराक्रम. मी फोटो काढत होते. वळून बघते तर आई बांधाच्या पायथ्याशी उकिडवी बसलेली, हातात एक दगड. वीतभर लांब, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला गोल, मधोमध पांढरी रेघ. कपड्याने पुसून ती तो तळहातावर तोलत होती. तिच्या डोळ्यांत जी चमक होती, ती मी फक्त भाजी मंडईत पाहिली आहे.

"हा बत्ता बघ. घरच्या खलात अगदी बसंल. पाथरवट दोनशे रुपये घेतो आणि वर टवके उडतात."

पिशवीत टाकलाही होता. मग मी तिला सांगितलं, की इथले दगड उचलून न्यायला बंदी आहे. गोटे हेच गावाचं समुद्रापासून संरक्षण. तिने पिशवीतून दगड काढला, एकदा पुन्हा तोलला, एकदा माझ्याकडे बघितलं. मग ट्रॅकपँट सावरत अर्धा बांध चढली आणि खांद्यावरून हात फिरवून तो जमेल तितका वर भिरकावला. टण्ण असा आवाज झाला.

"झाले मी पॉटवॉलपर," खाली येत म्हणाली. "चूल तर कधीचीच वेगळी आहे."

याच किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात एक अचाट प्रयोग झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या जर्मन काँक्रीटच्या भिंती फोडायला ब्रिटिश आरमाराच्या एका खात्याने 'पंजँड्रम' नावाचं यंत्र बनवलं. दहा-दहा फुटांची दोन लाकडी चाकं, मध्ये स्फोटकांचा पिंप आणि चाकांच्या कडेला रॉकेटं. रॉकेटं पेटवली की चाक गरागरा फिरत भिंतीवर जाऊन आदळणार. म्हणजे दिवाळीतलं भुईचक्र, उभं केलेलं आणि टनाटनाचं. बांधणी अत्यंत गुप्त, वाहतूक रात्रीच्या अंधारात, आणि चाचणी? सप्टेंबर 1943 मध्ये, भर दिवसा, इथे, सुट्टीवर आलेल्या लोकांदेखत. स्फोटकांच्या जागी वाळू भरली होती म्हणून बरं. चाक थोडं गेलं, एका बाजूची रॉकेटं सुटली आणि ते भलतीकडेच वळलं. मग आणखी रॉकेटं लावली, तिसरं चाक लावलं, दोर लावले. जानेवारी 1944 मध्ये मोठ्या साहेबांसमोर शेवटची चाचणी झाली. चाक नीट निघालं, मग डगमगलं आणि थेट बघ्यांच्या दिशेने वळलं. बडे अधिकारी याच गोट्यांच्या बांधाकडे पळाले. सुटलेली रॉकेटं वाळूवर सरपटत होती आणि एक कुत्रा त्यातल्या एकाच्या मागे लागला होता. प्रकल्प तिथेच गुंडाळला.

बाबा बराच वेळ वाळूकडे बघत होते. "या गावाला ते चिन्ह शोभतं," म्हणाले.

परतीच्या वाटेवर बिडफर्डला थांबलो. नदीवर 24 कमानींचा जुना दगडी पूल, एका कमानीची रुंदी दुसरीशी जुळत नाही. आईने तीनदा मोजल्या, प्रत्येक वेळी वेगळा आकडा. धक्क्याजवळ किंग्जलीचा पुतळा. नदीपलीकडच्या भागाचं नाव 'ईस्ट-द-वॉटर'. नावं ठेवायला बसलेला माणूस या परगण्यात कुणालाच आवरला नव्हता असं दिसतं. बिडफर्डहून वेस्टवर्ड हो!पर्यंत 1901 मध्ये रेल्वेसुद्धा सुरू झाली होती, देशातल्या इतर कुठल्याही रुळाला न जोडलेली. 1917 मध्ये ती बंद पडली. तेव्हा स्टेशनावर पुकारा करणाऱ्याची काय मजा असेल! गावाचं नाव घेतलं की आपोआप आरोळी.

बाबांनी धक्क्यावरच्या दुकानातून एक पोस्टकार्ड घेतलं, किनाऱ्याचं चित्र असलेलं. सांगलीतल्या त्यांच्या मित्राला पाठवायचं होतं. हे मित्र म्हणजे त्यांच्याच शाळेतले दुसरे मराठीचे शिक्षक. चाळीस वर्षांची मैत्री आणि तितकंच जुनं शुद्धलेखनावरचं भांडण. पुतळ्याखालच्या पायरीवर बसून बाबांनी अर्धा तास घेतला. चार दिवस छळणाऱ्या प्रत्ययाच्या प्रश्नावर त्यांना तोड सापडली होती, प्रत्ययच टाळायचा! कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आम्ही वेस्टवर्ड हो! येथे चार दिवस होतो. हवा उत्तम.' मला दाखवलं. मी म्हटलं, बिनचूक.

आई-बाबा ऑगस्टमध्ये सांगलीला परत गेले. पोचल्यावर दोन दिवसांनी बाबांनी एक फोटो पाठवला. मित्राने ते पोस्टकार्ड त्यांना घरी आणून परत दिलं होतं. 'हो'च्या पुढच्या चिन्हाभोवती लाल शाईचा गोल होता आणि समासात लिहिलं होतं, 'अनावश्यक. अर्धा गुण वजा.'